घाट, पाऊस आणि महामार्ग : स्पोर्ट-टूरिंग टायरची पकड आणि झीज कशी ओळखावी

बेळगावहून चोर्ला घाटानं साखळीला उतरणारा रायडर असो, आजऱ्यावरून आंबोली उतरून सावंतवाडी गाठणारा असो, की हैदराबादहून सोलापूरकडे सरळ महामार्ग तुडवणारा. मोटारसायकल रस्त्याला टेकते ती फक्त दोन जागी, आणि त्यातली प्रत्येक जागा जेमतेम तळहाताएवढी. ब्रेक कितीही चांगले असोत, एबीएस असो, इंजिन दमदार असो, शेवटी सगळा भार या दोन तळहातांवर. तरीही गाडीची सर्व्हिसिंग वेळेवर करणारे अनेक जण टायरकडे बघतात ते तो पार गोटा झाल्यावरच. लांब पल्ल्याच्या गाड्यांसाठी असलेले स्पोर्ट-टूरिंग टायर कसे असतात, त्यांची पकड कशावर ठरते, ते कसे झिजतात आणि कधी बदलावेत, याची ही माहिती.

स्पोर्ट-टूरिंग म्हणजे नेमकं काय

मोटारसायकलच्या रस्त्यावरच्या टायरची ढोबळ विभागणी अशी. रोजच्या वापराचे टायर कडक रबराचे, जास्त टिकणारे, पण पकड बेताची. स्पोर्ट टायर मऊ रबराचे. गरम झाले की डांबराला चिकटून चालतात, पण लवकर संपतात. स्पोर्ट-टूरिंग टायर या दोन टोकांच्या मधले. दिवसभर महामार्गावर चालून झिजू नयेत, थंडीत आणि पावसात लवकर तयार व्हावेत आणि घाटात झुकल्यावर दगा देऊ नयेत, अशा तिन्ही अपेक्षा त्यांच्याकडून असतात.

या अपेक्षा एकमेकींच्या विरोधातल्या आहेत. रबर मऊ केलं तर पकड वाढते, आयुष्य घटतं. कडक केलं तर उलट. यावर कंपन्यांनी काढलेला मार्ग म्हणजे एकाच टायरमध्ये दोन प्रकारचं रबर: मधल्या पट्ट्यात कडक, दोन्ही खांद्यांवर मऊ. सरळ चालताना मधला पट्टा झिजतो, वळताना मऊ खांदा कामाला येतो. रबरात सिलिका मिसळल्यानं ओल्या आणि गार रस्त्यावरची पकड सुधारते. काही टायरना मुख्य खाचांशिवाय ब्लेडनं चिरल्यासारख्या बारीक चिराही असतात. मिशलिनच्या २०११ सालच्या पायलट रोड ३ मुळे या चिरा रायडरमंडळींच्या चर्चेत आल्या. पाण्याचा पातळ थर फोडून रबर रस्त्याला भिडवणं, हे त्यांचं काम.

आपल्याकडे हा वर्ग आधी मोठ्या इंपोर्टेड गाड्यांपुरताच होता. २०२० मध्ये टीव्हीएसनं अपाचे आरआर ३१० ला मिशलिन रोड ५ कंपनीतूनच बसवून दिले, तेव्हा तीनशे सीसीच्या गटातल्या रायडरनाही अशा टायरची चव मिळाली. आज टीव्हीएस युरोग्रिप, अपोलो, एमआरएफ यांचे रेडियल टायरही मध्यम गाड्यांसाठी मिळतात.

पकडीचा हिशोब

पकड म्हणजे एक ठरावीक रक्कम समजावी. ती ब्रेकवर खर्च करता येते, वळण्यावर खर्च करता येते, किंवा थोडी इकडे थोडी तिकडे. दोन्हीकडे पूर्ण खर्च करता येत नाही. म्हणूनच वळणात पूर्ण झुकलेल्या अवस्थेत घाबरून पुढचा ब्रेक दाबला की पुढचं चाक सटकतं. त्यात टायरचा दोष असतोच असं नाही. शिल्लक नसताना चेक फाडल्यासारखं ते आहे.

या खर्चाचे आकडे साध्या भौतिकशास्त्रातून काढता येतात. ३० अंश झुकून वळताना टायरवर येणारा आडवा जोर गाडी आणि माणूस मिळून जे वजन होतं, त्याच्या सुमारे ५८ टक्के असतो. ४५ अंशांना तो जवळपास पूर्ण वजनाएवढा होतो. वेगाचा परिणाम तर वर्गाच्या प्रमाणात होतो. जे वळण ताशी ४० किलोमीटरनं आरामात निघतं, तेच ५० नं घेतलं तर लागणारी पकड दीडपटीहून जास्त. कोरड्या रस्त्यावर ही वाढ खपून जाते, ओल्या रस्त्यावर खपत नाही.

१२५ सीसीवरच्या सर्व नव्या दुचाकींना एप्रिल २०१९ पासून एबीएस बंधनकारक आहे. त्यामुळे सरळ रस्त्यावर करकचून ब्रेक लावला तरी चाक जाम होत नाही. पण एबीएस पकड तयार करत नाही. टायर जेवढी देईल तेवढीच वाटून वापरतो. गोटा टायरवर ओल्या रस्त्यात एबीएस चालतो, पण गाडी थांबायला लागणारं अंतर लांबतच जातं.

आपल्या रस्त्यांवरची परीक्षा

एकच टायर वडोदऱ्यात आणि सावंतवाडीत वेगवेगळं वागतो, असं रायडर सांगतात त्याला कारण आहे. रस्ता बदलला की परीक्षा बदलते.

आंबोली, चोर्ला आणि अनमोड या तिन्ही घाटांत पाऊस धो-धो पडतो. आंबोली तर राज्यातल्या सर्वांत जास्त पावसाच्या ठिकाणांत मोडते. इथं खरा त्रास फक्त पाण्याचा नसतो. झाडांच्या सावलीतल्या वळणांवर जुलै-ऑगस्टमध्ये शेवाळ धरतं, डोंगरातून जांभ्याची लाल माती वाहून रस्त्यावर येते, पानांचा चिखल होतो. शेवाळावर आणि चिखलावर जगातला कुठलाही रस्त्याचा टायर भरवशाचा नाही, कारण रबर डांबराला भिडतच नाही. तिथं महागडा टायर घेऊन वेग वाढवणं हा सरळ धोका.

पहिला पाऊस वेगळाच. उन्हाळाभर रस्त्यावर साचलेलं ऑइल, डिझेल आणि धूळ पहिल्या सरीनं वर येते आणि बुळबुळीत थर तयार होतो. चांगला पाऊस होऊन हा थर धुऊन गेला की पकड सुधारते. पांढरे पट्टे, झेब्रा क्रॉसिंग, गटाराची लोखंडी झाकणं, पुलांचे सांधे आणि रेल्वे फाटकाचे रूळ मात्र पावसाळाभर घसरतातच. त्यांच्यावरून जाताना गाडी सरळ ठेवावी, ब्रेक आणि ॲक्सिलरेटर दोन्ही हलके.

निपाणी, चिकोडी, अथणी आणि कोल्हापूर भागात हंगाम वेगळा. कारखान्यांचं गाळप सुरू झालं की ऊस भरलेल्या ट्रॅक्टर-ट्रॉल्या शेतातून थेट रस्त्यावर चढतात. चाकांबरोबर आलेली काळी माती, पडलेला ऊस, पाचट हे सगळं वळणावर पसरतं. सकाळच्या दवात ही माती ओली झाली की पावसाळ्याइतकीच घसरते. हिवाळ्यात रस्ता कोरडाच असणार, हे गृहीत धरून जाणारे इथं फसतात.

सिंधुदुर्गातला मुंबई-गोवा महामार्ग सिमेंट काँक्रीटचा. अशा पृष्ठभागावर पाणी निघून जावं म्हणून आडव्या रेघा मारलेल्या असतात. पकड बरी मिळते, पण टायर जास्त आवाज करतो आणि लवकर झिजतो, असा अनेकांचा अनुभव आहे. मे महिन्यात इंदूर, ग्वाल्हेर किंवा हैदराबादच्या भर दुपारी तापलेल्या डांबरावर लांब पल्ला मारला, तर त्या उष्णतेचाही मधला पट्टा संपवण्यात मोठा वाटा असतो.

टायर झिजतो कसा

झीज बघताना फक्त ‘नक्षी किती राहिली’ एवढंच बघणं अपुरं. झिजण्याची पद्धत पुष्कळ काही सांगते.

मध्ये चपटा: सरळ महामार्गावर जास्त चालणाऱ्या गाडीचा मागचा टायर मधोमध चपटा होतो, खांदे मात्र जवळपास कोरे राहतात. असा टायर सरळ रस्त्यात ठीक वाटतो. पण घाटात शिरल्यावर गाडी आधी झुकायला कुरकुर करते आणि मग चपट्या भागाची कड ओलांडली की अचानक आत पडते. पुण्याहून कोल्हापूर-बेळगावपर्यंत मजेत आलेला रायडर चोर्ल्याच्या पहिल्या वळणात ‘गाडी विचित्र वागतेय’ म्हणतो, त्यामागं बहुतेकदा हेच असतं. खांद्यावर नक्षी शिल्लक दिसली तरी असा टायर घाटासाठी संपलेलाच समजावा.

मध्ये जास्त झीज, तीही लवकर: हवा सतत जास्त असण्याची शक्यता.

खांदे जास्त झिजलेले, टायर गरम होतो: हवा कमी किंवा भार जास्त. सतत घाटात चालणाऱ्या गाडीत मात्र खांद्यांची झीज स्वाभाविक.

पुढच्या टायरवर खड्डे-उंचवटे: हात फिरवला तर एका दिशेनं गुळगुळीत आणि उलट दिशेनं करवतीसारखं लागतं. ब्रेकमुळं असं थोडंफार होतंच. जास्त झालं तर हवा, चाकाचं बॅलन्सिंग, सस्पेन्शन आणि हँडलचं बेअरिंग तपासून घ्यावं. ठरावीक वेगाला हँडल थरथरतं तेही अनेकदा यामुळेच.

एकाच बाजूला झीज: चाकांची रेष बिघडली आहे का, हे बघावं. चेन ताणताना दोन्ही बाजूंच्या खुणा सारख्या न ठेवल्यानंही मागचं चाक तिरकं बसतं.

किती किलोमीटर चालावा

या प्रश्नाला एक उत्तर नाही, पण अनुभवाचा अंदाज आहे. मोठ्या गाड्यांवर स्पोर्ट-टूरिंग मागचा टायर साधारण दहा ते पंधरा हजार किलोमीटर देतो. स्पोर्ट टायर त्याच गाडीवर बऱ्याचदा त्याच्या निम्म्यावर आटोपतो. तीनशे-चारशे सीसीच्या हलक्या गाडीवर हा आकडा वाढतो. मागच्या टायरवर इंजिनचा जोर आणि सामानाचा भार असल्यानं तो पुढच्यापेक्षा लवकर संपतो. दोन मागचे होईपर्यंत एक पुढचा, असा हिशोब अनेक जण धरतात.

डबलसीट प्रवास, भरलेल्या बॅगा, सिग्नलवरून झटक्यात सुटण्याची सवय, कमी हवा आणि तापलेला रस्ता यांनी हे आयुष्य झपाट्यानं घटतं. म्हणून ‘मित्राला वीस हजार मिळाले’ यावरून आपला टायर जोखू नये. मित्र इंदूर-उज्जैन करत असेल आणि आपण आठवड्याला आंबोली, तर दोघांचे टायर वेगळेच संपणार.

हवा : सगळ्यात स्वस्त उपाय

पकड आणि आयुष्य या दोन्हींवर सर्वांत जास्त परिणाम करणारी गोष्ट म्हणजे हवेचा दाब, आणि सर्वांत जास्त दुर्लक्षही तिच्याकडेच. योग्य आकडा गाडीच्या पुस्तकात किंवा चेनजवळच्या स्टिकरवर असतो. टायरच्या कडेवर छापलेला आकडा कमाल मर्यादेचा असतो, रोज भरायचा नव्हे. एकट्यासाठी आणि डबलसीटसाठी बहुतेक गाड्यांना वेगळा दाब दिलेला असतो. सामान लादून निघताना मागची हवा वाढवायला विसरू नये.

दाब मोजायचा तो टायर गार असताना, म्हणजे गाडी किमान तीन तास उभी असताना किंवा एक-दोन किलोमीटरच चालली असताना. हवा तापली की दाब वाढतो. ३० पीएसआयच्या टायरमध्ये तापमान १० अंशांनी बदललं तर दाब सुमारे दीड पीएसआयनं बदलतो. मे महिन्यात इंदुरात ४० अंशांवर भरलेली हवा डिसेंबरच्या सकाळी ८ अंशांवर तपासली, तर एक थेंब हवा न गळताही साडेचार पीएसआय कमी भरेल. म्हणून ऋतू बदलला की हवा बघायचीच.

प्रवासात टायर गरम असताना दाब जास्त दिसला म्हणून हवा काढू नये. तो गार झाल्यावर कमी पडतो. पावसात पकड वाढते या समजुतीनं हवा कमी करणंही चुकीचं. हवा कमी असली की खाचा दबतात आणि पाणी बाहेर टाकण्याची ताकद घटते. पंपावरच्या मीटरवर विसंबण्यापेक्षा स्वतःचं छोटं गेज बॅगेत ठेवलेलं बरं. नायट्रोजनचा फायदा एवढाच की तो जरा हळू गळतो. महिन्यातून दोनदा हवा तपासणाऱ्याला साधी हवाही पुरते.

टायरच्या कडेवर काय लिहिलेलं असतं

दुकानात जाण्याआधी कडेवरचे आकडे वाचता यायला हवेत. उदाहरण घेऊ: १५०/६० आर १७, ६६ एच.

१५० म्हणजे टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये. ६० म्हणजे कडेची उंची रुंदीच्या ६० टक्के, इथं ९० मिलिमीटर. आर म्हणजे रेडियल. त्या जागी नुसती आडवी रेघ असेल तर टायर जुन्या आडव्या-तिरप्या दोऱ्यांच्या बांधणीचा, म्हणजे बायस. १७ हा रिमचा व्यास, इंचांत. ६६ हा भाराचा क्रमांक, म्हणजे त्या एका टायरवर कमाल ३०० किलो. एच हे वेगाचं अक्षर.

भाराचे काही क्रमांक: ५७ म्हणजे २३० किलो, ६० म्हणजे २५०, ६३ म्हणजे २७२, ६६ म्हणजे ३००, ६९ म्हणजे ३२५, ७३ म्हणजे ३६५ किलो.

वेगाची काही अक्षरं: पी ताशी १५० किलोमीटर, एस १८०, एच २१०, व्ही २४०, डब्ल्यू २७०.

बनल्याची तारीख: कडेवर लंबगोलात चार आकडे असतात. पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. २३२४ म्हणजे २०२४ सालचा तेविसावा आठवडा.

बाण: टायर कोणत्या दिशेनं फिरायला हवा ते दाखवतो. चाक उतरवून परत बसवताना, विशेषतः रस्त्याकडेच्या दुकानात, तो उलटा बसला नाही ना ते बघावं.

आयएसआय खूण: भारतात विकल्या जाणाऱ्या दुचाकी टायरवर ही असायला हवी.

कधी बदलायचा

केंद्रीय मोटार वाहन नियमांप्रमाणे दुचाकीच्या टायरवर खाचांची खोली किमान ०.८ मिलिमीटर असावी लागते. हे कळावं म्हणून खाचांच्या तळाशी छोटे उंचवटे असतात. कडेवरची टीडब्ल्यूआय ही अक्षरं किंवा छोटा त्रिकोण त्यांची जागा दाखवतो. वरचं रबर या उंचवट्याच्या पातळीला आलं की टायर संपला.

पण ही कायद्याची शेवटची मर्यादा आहे. पावसातली पकड त्याआधीच बरीच घटलेली असते, कारण पाणी वाहून न्यायला खाच उरत नाही. पावसाळ्याच्या तोंडावर टायर काठावर आला असेल, तर ‘अजून दोन हजार निघतील’ असं म्हणण्यापेक्षा जूनआधी बदलणं शहाणपणाचं. ते दोन हजार किलोमीटर वाचवून जितके पैसे वाचतात, त्यापेक्षा एका घसरण्यात लेव्हर, हँडल आणि दवाखान्यावर जास्त जातात.

नक्षी भरपूर असूनही टायर बाद होऊ शकतो. रबर वयानं कडक होतं. कमी चालणाऱ्या गाड्यांत हे हमखास दिसतं. पाच वर्षं झाली की दरवर्षी कारागिराकडून नीट तपासून घ्यावा, आणि दहा वर्षांनंतर दिसायला चांगला असला तरी वापरू नये. कडेला भेगा, फुगवटा, आतले दोरे दिसणं यांपैकी काहीही आढळलं तर किलोमीटर न मोजता लगेच बदलावा.

विकत घेताना होणाऱ्या चुका

रुंद टायरचा मोह: १३० च्या जागी १४० किंवा १५० टाकला की गाडी भारदस्त दिसते. पण अरुंद रिमवर रुंद टायर दोन्हीकडून आवळला जातो, त्याची गोलाई बदलते आणि झुकल्यावर रस्त्याला टेकणारा भाग कमी होऊ शकतो. गाडी वळायलाही जड होते.

पुढं बायस, मागं रेडियल: दोन्ही टायरची कडा वेगवेगळी दबते, गाडीचा तोल बिघडतो. कंपनीनं तशी जोडी दिलेली नसेल तर करू नये. शक्यतो पुढचा-मागचा एकाच जातीचा असावा.

जुना माल: २०२० पासून टायरच्या आयातीवर केंद्रानं निर्बंध घातले. त्यानंतर बाहेरचे काही टायर दुर्मीळ झाले आणि दुकानात पडून राहिलेला माल चढ्या भावानं विकण्याची संधी काहींना मिळाली. पैसे देण्याआधी बनल्याचा आठवडा-वर्ष बघावंच.

घाट न करणाऱ्यानं घाटाचा टायर घेणं: ज्याची गाडी वर्षभर ऑफिसला जाते आणि दिवाळीत एकदा गोव्याला, त्याला चांगल्या प्रतीचा कडक टायरही पुरेसा आहे. दर आठवड्याला घाट आणि पावसात चालवणाऱ्यानं मात्र आयुष्याआधी ओल्या रस्त्यावरच्या पकडीला पैसे द्यावेत.

नवा टायर, पहिले दोनशे किलोमीटर

नव्या टायरचा पृष्ठभाग साच्यातून आल्यामुळे तुळतुळीत असतो. पहिले शंभर-दोनशे किलोमीटर जोरात ब्रेक, झटक्यात ॲक्सिलरेटर आणि खोल झुकणं टाळावं. झुकण्याचा कोन हळूहळू वाढवत न्यावा. टायर चकचकीत दिसावा म्हणून पॉलिश कधीही मारू नये. ते खांद्यापर्यंत पसरलं तर पहिल्याच वळणात फळ मिळतं. जुन्या चपट्या टायरची सवय झालेल्याला नव्या टायरवर गाडी एकदम हलकी वाटते, त्याचाही अंदाज येऊ द्यावा.

पंक्चर झाल्यावर

ट्यूबलेस टायरच्या मधल्या भागात खिळा गेला तर रस्त्याकडेला मारलेली दोरीची पट्टी पुढच्या गावापर्यंत नेते. लांबच्या प्रवासाआधी चाक उतरवून आतून मशरूम पॅच लावून घेणं चांगलं. कडेला किंवा खांद्याला छेद गेला असेल तर दुरुस्ती नको, टायरच बदलावा. साध्या तारांच्या चाकात ट्यूब असते. तिथं हवा एकदम जाते, म्हणून लांब पल्ल्यावर जादा ट्यूब बाळगावी.

निघण्याआधी पाच मिनिटं

– गार टायरमध्ये पुढं-मागं हवा तपासावी. डबलसीट असेल तर त्याप्रमाणे.
– चाक पूर्ण फिरवून खिळे, काचा, भेगा, फुगवटे बघावेत.
– खाचांतले उंचवटे रबराच्या किती खाली आहेत, ते मध्ये आणि खांद्यावर दोन्हीकडे बघावं.
– मागून थोडं लांब उभं राहून टायरची गोलाई बघावी. मध्ये सपाट पट्टा दिसला तर घाटात वेग आवरावा.
– व्हॉल्व्हचं टोपण जागेवर आहे का, बघावं.
– घाट सुरू होण्याआधी दोन-चार किलोमीटर सावकाश चालवून टायर गरम होऊ द्यावेत. पाऊस असेल तर गरम होण्याची वाट न बघता वेगच कमी ठेवावा.